एचसीएम असलेल्या भावाच्या तपासण्या: होल्टर, एमआरआय की ईपी स्टडी?

कृष्णाकमळ
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय ३१, सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ईसीजी वेगळा आला म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची मधली भिंत २२ मिमी जाड निघाली. ती साधारण ११ मिमीच्या आत असायला हवी म्हणे. निदान झालं हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे एचसीएम. त्याला बीपी नाही, शुगर नाही, दम लागत नाही, कधी चक्कर येऊन पडलेला नाही. गणपतीत पथकात ढोल वाजवतो, तोही तासन् तास.

इथले डॉक्टर म्हणाले, "स्नायू जाड आहे हे कळलं. आता ठोके बिघडण्याचा धोका किती आहे ते बघायचं." त्यांनी होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद घेणारं छोटं यंत्र), टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी) आणि हृदयाचा एमआरआय सांगितला. दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो तर तिथे ईपी स्टडी करून घ्या म्हणाले. मांडीच्या शिरेतून वायर हृदयापर्यंत नेतात आणि मुद्दाम ठोके बिघडवून बघतात, असं कळलं. आईने ते ऐकल्यापासून जेवण सोडल्यासारखं केलंय.

आणखी एक. माझे धाकटे काका ३८व्या वर्षी शेतात काम करताना अचानक गेले. पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं. घरात सगळे "अटॅक आला" एवढंच म्हणतात.

यातली कोणती तपासणी खरंच लागते? कोणाच्या घरी हा आजार असेल तर कृपया लिहा.

सह्यवेडा
ताई, आधी आईंना सांगा की घाबरू नका. माझ्या मेव्हण्याला हेच आहे, पन्नाशी ओलांडली, रोज पर्वतीवर जातो. होल्टर त्याचं दर वर्षी होतं. ईपी स्टडी कधीच केलेली नाही.

मिरगाचा_पाऊस
माझं मत स्पष्ट सांगतो. पोराला काही त्रास नाही, ढोल वाजवतोय, आणि तुम्ही त्याच्यामागे चार-चार तपासण्या लावताय. मोठ्या हॉस्पिटलात गेलं की यादी वाढतच जाते. एक इको झाला, गोळी सुरू करा, विषय संपवा.

डॉ_सप्तपर्णी
कृष्णाकमळ, मी पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ आहे. रिपोर्ट न पाहता उपचार सांगणार नाही, पण तपासण्यांमागचा विचार सांगते.

मिरगाचा_पाऊस, तुमचा राग समजतो, पण या आजारात "त्रास नाही" यावर विसंबता येत नाही. एचसीएम दुर्मिळ नाही, साधारण ५०० माणसांत एकाला असतो. बहुतेकांचं आयुष्य नेहमीसारखं जातं. मोठ्या माणसांत अचानक मृत्यूचं प्रमाण वर्षाला सुमारे अर्धा ते एक टक्का. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव त्या वर्षी ठीक असतात. अडचण अशी की उरलेल्या एकाला कधीकधी आधी काहीही झालेलं नसतं. म्हणून तो एक कोण असू शकेल हे शोधायचं.

ठोके का बिघडतात? या आजारात स्नायूचे तंतू नीट ओळीत नसतात, आडवेतिडवे विणलेले असतात, आणि मध्ये मध्ये डाग, म्हणजे फायब्रोसिस, तयार होतो. पाटाच्या पाण्यात धोंडा आला की पाणी त्याला वळसा घालून भोवरा करतं, तसा विजेचा प्रवाह त्या डागाभोवती फिरत राहतो. त्यातून खालच्या कप्प्याचे ठोके फार जलद होतात आणि पंपिंगच थांबतं.

हा धोका एका तपासणीत दिसत नाही, अनेक गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात. भिंत किती जाड आहे, ३० मिमी किंवा जास्त असेल तर ती एकटीच मोठी गोष्ट. कारण न कळलेली बेशुद्धी. जवळच्या नात्यात अचानक मृत्यू. होल्टरवर जलद ठोक्यांची माळ. एमआरआयमध्ये डाग किती, हृदयाच्या टोकाला फुगा आला आहे का. पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली गेलं आहे का.

आता ईपी स्टडी. ऐंशी-नव्वदच्या दशकात धोका ठरवायला ही बरीच केली जायची. नंतर लक्षात आलं की वायरने जोरात डिवचलं तर ज्यांना प्रत्यक्षात कधीच काही होणार नाही अशांचेही ठोके बिघडतात. त्यामुळे केवळ अचानक मृत्यूचा धोका मोजण्यासाठी सरसकट ईपी स्टडी करू नये, असं अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही मार्गदर्शक सूचना सांगतात. तिचा उपयोग वेगळा आहे: ईसीजीवर जास्तीची विद्युतवाट दिसली, धडधडीचं कारण सापडत नसलं, किंवा जाळून बंद करण्याजोगी लय असली तर. मुंबईच्या डॉक्टरांना विचारा की त्यांना नेमकं काय शोधायचं आहे. कदाचित ईसीजीत त्यांना काही दिसलं असेल.

कृष्णाकमळ
डॉक्टर, खूप आभार. हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. मुंबईला फोन करून विचारते.

रेवा_काकू
माझा अनुभव वेगळ्या ठोक्यांचा आहे. इथे सगळे अचानक मृत्यूबद्दल बोलतात, पण एचसीएममध्ये वरच्या कप्प्याचे ठोकेही बिघडतात. आमच्या सासूबाईंना एचसीएम असल्याचं माहीत होतं. छातीत फडफडतं असं त्या म्हणायच्या, आम्ही ॲसिडिटीची गोळी द्यायचो. एके दिवशी उजवा हात उचलेना, बोलणं अडखळलं. हॉस्पिटलात कळलं की एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) होतं, वरच्या कप्प्यात गुठळी होऊन मेंदूत गेली. आता रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची सुरू आहे. हात सुधारला, पण स्वेटरचं विणकाम सुटलं ते सुटलंच.

म्हणून सांगते, फडफड हलक्यात घेऊ नका, आणि होल्टरच्या रिपोर्टमध्ये ही लयही आहे का ते विचारा.

डॉ_सप्तपर्णी
रेवाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इतर रुग्णांत एएफ असेल तर रक्त पातळ करायचं की नाही हे वय, बीपी, मधुमेह यांचे गुण मोजून ठरवतात. एचसीएममध्ये एएफ सापडलं की ते गुण कमी असले तरी गोळी देण्याकडेच कल असतो, कारण गुठळीचा धोका जास्त असतो. इकोमध्ये डाव्या वरच्या कप्प्याचं माप घेतात ते याचसाठीही.

कोल्हापुरी_मास्तर
मी स्वतः एचसीएमचा रुग्ण. छातीत आयसीडी आहे, म्हणजे ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र. शाळेत वर्गात शिकवताना फळ्यासमोर कोसळलो होतो, मुलांनी धावत जाऊन सरांना बोलावलं. नंतर होल्टरमध्ये खालच्या कप्प्याच्या जलद ठोक्यांची माळ सापडली आणि मग डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

यंत्राबद्दल दोन शब्द. ते बसवल्यावर आजार बरा होत नाही, गोळ्या चालूच राहतात. यंत्र फक्त पहारा देतं. एकदा शॉक बसलाय. तो योग्य होता, मशीनच्या नोंदीत दिसलं की ठोके खरंच बिघडले होते. छातीवर कुणी लाथ मारावी असं वाटलं आणि पुढचे काही आठवडे एकटं झोपायची भीती वाटायची. पण त्या नोंदीचा कागद मी फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवलाय, कारण त्या दिवशी यंत्र नसतं तर आज हा प्रतिसाद लिहायला मी नसतो.

ताई, भावाला कधी भोवळ आली होती का हे परत परत विचारा. पथकातली पोरं "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात.

चहाबाज
मास्तर, तुमच्या वर्गातल्या त्या मुलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या वर्गात सर कोसळले असते तर निम्मी पोरं आधी दप्तर भरून घरी गेली असती!

कोल्हापुरी_मास्तर
हाहा. त्यातली एक मुलगी आता नर्सिंगला आहे. मला फोन करून होल्टर झालं का म्हणून दटावते.

गणितवेडा
मी इंजिनिअर, डॉक्टर नाही, पण माझ्या बहिणीला एचसीएम असल्याने हा विषय खणून काढलाय. युरोपात २०१४ साली एक सूत्र प्रसिद्ध झालं, सहा केंद्रांतल्या ३६७५ रुग्णांच्या माहितीवरून. त्यात सात गोष्टी घालायच्या: वय, भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचं माप, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेतला दाब, घराण्यात अचानक मृत्यू, होल्टरवर ठोक्यांची माळ, आणि कारण न कळलेली बेशुद्धी. उत्तर येतं पुढच्या पाच वर्षांतला धोका. ४ टक्क्यांच्या खाली आयसीडीची सहसा गरज नाही, ४ ते ६ मध्ये विचार करावा, ६ च्या वर गेल्यास बसवण्याचा गांभीर्याने विचार.

कृष्णाकमळताईंच्या भावाची दोन मापं मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरणासाठी कप्पा ४२ मिमी आणि दाब २० धरतो. वय ३१, जाडी २२.

घराण्यात काही नाही, माळ नाही, बेशुद्धी नाही: सुमारे २.९ टक्के.
फक्त काकांचा मृत्यू धरला: सुमारे ४.६.
काका धरले नाहीत पण होल्टरवर माळ सापडली: सुमारे ६.६.
दोन्ही: १० च्या थोडं वर.

बघा, माणूस तोच, इको तोच. होल्टरची एक ओळ आणि काका कशाने गेले याचं उत्तर, एवढ्यावर तीन वेगळे निर्णय होतात. म्हणून होल्टर टाळू नका आणि काकांबद्दल घरातल्या जुन्या माणसांना नीट विचारा.

चहाबाज
गणितवेडा, हे आकडे वाचून माझीच धडधड वाढली. पण तीन-चार ओळींत एवढं कळलं, मानलं तुम्हाला.

मिरगाचा_पाऊस
हे मी वाचलं. एक प्रश्न खरोखर विचारतो. एका दिवसाच्या होल्टरमध्ये माळ सापडली नाही म्हणजे नाहीच असं कसं धरायचं? दुसऱ्या दिवशी आली असेल तर?

डॉ_सप्तपर्णी
अगदी योग्य प्रश्न. म्हणूनच निदानाच्या वेळी २४ ते ४८ तासांचं होल्टर करून थांबत नाहीत, पुढे एक-दोन वर्षांनी पुन्हा करतात. हल्ली छातीवर चिकटवायचे पॅच आठवडा-दोन आठवडेही लावता येतात. फार अधूनमधून धडधड किंवा भोवळ येत असेल तर त्वचेखाली छोटा लूप रेकॉर्डर बसवतात, तो दोन-तीन वर्षं नोंद ठेवतो.

माळ म्हणजे काय तेही सांगते. खालच्या कप्प्याचे सलग तीन किंवा जास्त ठोके, मिनिटाला १२० च्या वर वेग, आणि ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबलेले. एचसीएमच्या मोठ्या रुग्णांत साधारण चार-पाचात एकाच्या होल्टरवर ती सापडते, म्हणजे सापडली की आकाश कोसळलं असं नाही. तिशीच्या आतल्या रुग्णात तिला जास्त महत्त्व. लांब, फार वेगाच्या आणि वारंवार येणाऱ्या माळा असतील तर आणखी जास्त.

होल्टर लावल्यावर नेहमीचं आयुष्य जगायचं. काहीजण त्या दिवशी पलंगावरून उठत नाहीत, मग रिपोर्ट पलंगाचा येतो. जिने चढा, कामावर जा, आणि सोबत दिलेल्या कागदावर वेळ लिहा: "११:२० धडधड", "४:०५ पायऱ्या". त्या वेळेशी पट्टी जुळवून बघतात.

गणितवेडा, तुमचं उदाहरण चांगलं आहे, एक भर घालते. त्या सूत्रात एमआरआयमधला डाग, टोकाचा फुगा आणि पंपिंग या गोष्टीच नाहीत. आणि त्याच्या रचनेमुळे जाडी २७ मिमीच्या पुढे गेली की धोका उलट कमी दाखवायला लागतो, जे प्रत्यक्षात पटत नाही. अमेरिकन डॉक्टर म्हणूनच सूत्रापेक्षा एकेका ठळक गोष्टीकडे जास्त बघतात. युरोपनेही २०२३ च्या सूचनांत डागाचा आणि पंपिंगचा विचार जोडला. सोळा वर्षांखालच्या मुलांना हे सूत्र लावायचं नाही, त्यांच्यासाठी वेगळं आहे.

गणितवेडा
२७ ची गोष्ट मीही आलेख काढल्यावर पाहिली होती आणि वाटलं माझा कोड चुकला. धन्यवाद डॉक्टर, आता शांत झोप लागेल.

लीड्सकर
इंग्लंडहून. माझ्या नवऱ्याचं निदान इथे झालं. इथे एचसीएमसाठी कुटुंबाचं क्लिनिक असतं, त्यात एक नर्स वंशवृक्ष काढायला बसते. तिने पहिल्याच भेटीत विचारलं की तुमच्यात कोण तरुणपणी बुडून गेलं, कोण गाडी चालवताना गेलं, कोणाला फिट येत होत्या. नवऱ्याचे मामा विहिरीत बुडून गेले होते. पोहायला पट्टीचे होते ते. पन्नास वर्षं सगळे "पाय घसरला" म्हणत होते. खरं काय हे आता कधीच कळणार नाही, पण वृक्षात त्यांच्या चौकटीवर प्रश्नचिन्ह लागलं आणि मामेभावंडांच्या तपासण्या झाल्या.

कृष्णाकमळ, काकांबद्दल हेच करा. आणि काकांची मुलं आहेत का?

टोलताशा
मी वेगळं विचारतो कारण मी पथकात आहे, पुण्यात. ढोल वाजवायचा की नाही? आमच्यात कमरेला ढोल बांधून सहा-सात तास मिरवणूक असते, पाणी कमी पिऊन. एका पोराला हाच आजार निघाला, त्याच्या घरच्यांनी त्याला जिन्यावरूनही चढू दिलं नाही, मुलगा पार खचला.

डॉ_सप्तपर्णी
टोलताशा, जिनाही बंद करणं चूक आहे. पूर्वी या रुग्णांना सगळंच बंद करायचे, त्यातून वजन, बीपी आणि नैराश्य वाढायचं. आता हलका ते मध्यम व्यायाम बहुतेकांना सुचवतात. जोराच्या व्यायामाबद्दलही २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात अनुभवी केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये जोरकस व्यायाम करणाऱ्यांना मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त घटना झाल्या नाहीत. तरी प्रत्येकाचा धोका बघूनच ठरवायचं, आणि स्पर्धेच्या खेळाबद्दल तज्ज्ञांशी बसून बोलायचं.

मिरवणुकीत मला ढोलापेक्षा ऊन, घाम आणि न प्यायलेलं पाणी जास्त भिववतं. शरीरात पाणी कमी झालं की जाड भिंतीजवळची वाट आणखी अरुंद होते आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून निर्जळी उपासही नको, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टर. वेगाने वाजवून एकदम थांबू नका, हळूहळू थांबा.

सह्यवेडा
खेळाडूंचं निघालं म्हणून आठवलं. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए, २००३ ला ल्योंमध्ये मॅच चालू असताना मैदानात पडला आणि गेला. मी तो सामना टीव्हीवर बघत होतो. आजूबाजूला कोणी त्याला हात लावलेला नव्हता. नंतर शवविच्छेदनात एचसीएम निघालं.

टोलताशा
डॉक्टर, आमच्या पथकाच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकला. दर चौकात पाणी आणि एक जण सीपीआर शिकलेला, एवढं यंदा नक्की करतो.

मिरगाचा_पाऊस
हे उत्तम. सीपीआर तर सगळ्यांनीच शिकावं. आमच्या सोसायटीत शॉक देणारं एईडी मशीन घ्यायचा ठराव दोन वेळा नामंजूर झाला, "वापरणार कोण" म्हणून. ते मशीन स्वतः बोलून सांगतं काय करायचं ते, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

अॅड_तुळजा
विम्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. एचसीएम बहुतेक वेळा आनुवंशिक असतो, आणि पूर्वी काही पॉलिसींत "आनुवंशिक आजार वगळले" असं कलम असायचं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर नेमकं एचसीएमच्याच रुग्णाचं प्रकरण आलं, दावा याच कलमावर नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं की असं सरसकट वगळणं भेदभावाचं आहे. त्याच वर्षी विमा नियामकाने कंपन्यांना आनुवंशिक आजारांच्या नावाखाली दावे नाकारू नका असं कळवलं.

तरीही प्रस्ताव अर्जात निदान लपवू नका. लपवलं तर दावा त्या कारणाने अडतो, आणि ते लढवणं फार अवघड असतं.

रेवा_काकू
ताई, हे वाचून सासूबाईंची फाईल काढून बसले आहे. थँक्यू.

शेंदूर_वाटी
आमच्याकडे एकांनी अर्जुनाच्या सालीचा काढा घेऊन जाडी कमी होते असं सांगितलं. कोणी घेतलाय का?

डॉ_सप्तपर्णी
एचसीएममधली जाडी अर्जुनाच्या सालीने कमी होते असा पुरावा नाही. काढ्यासाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी गोळी) मात्र अचानक बंद करू नका, त्याने ठोके उसळू शकतात. आणि बीपीमुळे आलेली जाडी वेगळी, ती बीपी आटोक्यात आल्यावर कमी होऊ शकते. "भिंत जाड" एवढं एकच वाक्य बघून दोन आजार एक समजू नका.

कृष्णाकमळ
बरेच दिवसांनी येते आहे. रिपोर्ट आले.

मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांना ईसीजीत जास्तीच्या वाटेची शंका होती, नाशिकचा जुना ईसीजी आणि नवा शेजारी ठेवून पाहिल्यावर ती शंका फिटली. ईपी स्टडी रद्द. दोन दिवसांचं होल्टर झालं, माळ सापडली नाही, एएफही नाही. टीएमटीत बीपी व्यवस्थित वाढलं, वाटेतला दाब व्यायामानंतरही फार चढला नाही. एमआरआयमध्ये डाग आहे, पण डाव्या कप्प्याच्या वजनाच्या ५ टक्के. टोकाला फुगा नाही. डॉक्टर म्हणाले १५ टक्के किंवा त्याहून जास्त असता तर वेगळं बोललो असतो.

सध्या आयसीडी नाही. गोळी, दर वर्षी होल्टर, काही वर्षांनी परत एमआरआय. भावाने ढोलाचं विचारलं, तर थोडा वेळ आणि पाणी पीत पीत, असं उत्तर मिळालं. तो खूश.

पण लीड्सकर यांनी विचारलेल्या प्रश्नाने घरात दुसरंच सुरू झालं. काका आणि भाऊ यांच्यामध्ये दुवा कोण? बाबा. बाबांचा इको केला, ६३ वर्षं वय, आजवर "बीपीचं हार्ट" म्हणून गोळ्या घेत होते. भिंत १७ मिमी, आणि बीपीची जाडी वाटत नाही म्हणाले. म्हणजे आजार वडिलांकडूनच आला असावा, आणि काकांचा मृत्यूही त्यातलाच असण्याची शक्यता वाढली. गणितवेडा, तुमचा ४.६ आठवला.

काकांची मुलगी धुळ्याला आहे, २६ वर्षांची. काकू तपासणीला तयार नाहीत. स्थळं बघणं सुरू आहे. म्हणतात, "रिपोर्ट खराब आला तर मुलीचं लग्न होणार नाही. तिला काही त्रास नाही ना, मग कशाला?" मी काय बोलू?

लीड्सकर
काकूंनी नवऱ्याला असं अचानक गमावलंय. त्यांची भीती खोटी नाही. फोनवर नको, समोर बसून बोला.

कोल्हापुरी_मास्तर
माझी मुलगी लग्नाची होती तेव्हा तिचा इको आम्ही आधी केला, नॉर्मल आला. नसता आला तरी मुलाकडच्यांना सांगूनच लग्न लावणार होतो. पण मला सगळ्यांत जास्त हे वाटतं: त्या मुलीला स्वतःच्या छातीत काय आहे हे माहीत असायचा हक्क आहे. ती २६ ची आहे. काकूंच्या आधी तिच्याशी बोला.

मिरगाचा_पाऊस
मास्तरांशी पूर्ण सहमत. मी सुरुवातीला तपासण्यांच्या विरोधात बोललो होतो, पण ही तपासणी म्हणजे ईसीजी आणि इको, दोन्ही साधे. यात तिला सुईसुद्धा टोचत नाही. मी धुळ्याचाच आहे. काकूंना सोबत लागली तर माझी बायको जाईल, ती तिथल्या शाळेत शिक्षिका आहे. मला व्यक्तिगत निरोप करा.

डॉ_सप्तपर्णी
कृष्णाकमळ, काकांबद्दल. युरोपच्या सूत्रात पहिल्या पातळीचं नातं मोजतात: आईवडील, भावंडं, मुलं. काटेकोर बघितलं तर तुमच्या भावासाठी काका त्यात बसत नाहीत. अमेरिकन सूचनांत पन्नाशीच्या आत अचानक गेलेला जवळचा नातेवाईक, असा थोडा मोठा परीघ आहे. म्हणून हा प्रश्न भावाच्या डॉक्टरांसमोर बाबांच्या नव्या इकोसकट पुन्हा ठेवा. निर्णय बदलेलच असं नाही, पण त्यांच्या हातात ही माहिती हवी.

धुळ्याच्या बहिणीसाठी मात्र तिचे वडील पहिल्या पातळीतच आहेत. काकांना हाच आजार असेल तर तिला तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे नसण्याचीही निम्मी. काकूंना हेही सांगा की एचसीएम असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं नीट होतात, फक्त आधी माहीत असावं लागतं म्हणजे तयारी करता येते.

गणितवेडा
जनुकीय चाचणी करून एकदाच काय ते कळून जाणार नाही का?

डॉ_सप्तपर्णी
आधी भावाची किंवा बाबांची करायची. त्यांच्यात आजाराचा नेमका बदल सापडला तरच तोच बदल बहिणीत शोधता येतो, आणि तिच्यात तो नसेल तर तिला आयुष्यभर फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सगळ्यांत सापडतोच असं नाही. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरं गळलेला एक बदल भारतीयांत साधारण ४ टक्के लोकांत आढळतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. तो असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. त्यामुळे रिपोर्ट जाणकारांकडूनच वाचून घ्या. आणि चाचणी सकारात्मक आली म्हणजे ठोके बिघडण्याचा धोका जास्त, असं त्यावरून एकट्याने ठरत नाही.

कृष्णाकमळ
बहिणीशी थेट बोलले. ती म्हणाली, "ताई, मला लहानपणापासून हा प्रश्न होता, विचारायला कोणी नव्हतं." या शनिवारी धुळ्यात इको. काकू येणार आहेत. मिरगाचा_पाऊस, तुम्हाला निरोप केलाय, वहिनी सोबत असतील तर फार आधार होईल.

एक शेवटचं विचारते. माझं वय ३६, मला एक मुलगा, नऊ वर्षांचा. आमच्या दोघांचं काय?

डॉ_सप्तपर्णी
आधी तुमचा ईसीजी आणि इको. तुमच्यात आजार निघाला, किंवा भावाचा जनुकीय बदल तुमच्यातही सापडला, तर मुलाचा दर एक-दोन वर्षांनी, कारण जाडी बऱ्याचदा वाढीच्या वयात दिसायला लागते. तुमचा नॉर्मल आला तरी तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करा, एचसीएम चाळिशीतही उगवू शकतो. भावाच्या चाचणीत बदल सापडला आणि तुमच्यात तो नसेल, तर तुम्ही दोघंही सुटलात. जाताना बाबांचे आणि भावाचे रिपोर्ट सोबत न्या, आणि इको करणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा की घरात एचसीएम आहे. नात्यातल्या माणसात १३ मिमीलाही ते थांबून बघतात.